चांदीची ज्येष्ठा

शुक्रवारी दुपारी वसुधा बोस्टनच्या विमानतळावर मावशीला आणायला निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात फक्त स्वयंपाक होता. सोळा भाज्या जमवायच्या कुठून, आंबिलीला ज्वारीचं पीठ पुरेल का, पुरण आदल्या दिवशी वाटून ठेवावं का. पंच्याऐंशी साली ती राहत असलेल्या, बोस्टनजवळच्या श्रूजबरीत भोपळा आणि बीन्स मुबलक मिळत, पण चुक्याची जुडी मागितली तर दुकानातली बाई नुसतीच सहानुभूतीनं हसायची. पद्मिनी मावशी नागपूरहून येत होत्या आणि येताना वसुधाच्या सासरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे आणत होत्या. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांच्या पुढ्यात बसणारी दोन बाळं. शनिवारी महालक्ष्म्या घरात आणायच्या, रविवारी जेवू घालायच्या, सोमवारी निरोप द्यायचा, असा बेत होता.

मावशी आल्या. कानाला रुमाल, अंगात स्वेटर, त्यावर शाल. बॅग मात्र आली नाही. ती लंडनलाच राहिली होती आणि काउंटरवरच्या मुलीनं फार गोड आवाजात मंगळवारचा वायदा केला.

नुसता सण असता तर वसुधानं हात जोडून सोडून दिला असता. अमेरिकेत आल्यापासून नऊ वर्षं तिनं तो सोडलाच होता. पण गेल्या जानेवारीत सहा वर्षांच्या उत्तराला न्यूमोनिया झाला. पोर आठ दिवस ऑक्सिजनवर होती. सातव्या दिवशी डॉक्टर नजर चुकवायला लागले, तेव्हा हॉस्पिटलच्या कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून वसुधानं नवस बोलला होता: पोर वाचली तर या वर्षी महालक्ष्म्या बसवीन आणि तिला तुमच्या ओटीत घालीन. नागपूरकडे तिच्या घराण्यात ही रीतच होती. पहिल्या दिवशी मूल देवीपुढे बसवायचं, ‘हे तुझं’ म्हणायचं. तीन दिवस ते देवीचं. निरोपाच्या वेळी नारळ द्यायचा आणि मूल परत मागून घ्यायचं. देवीनं कुणाचं मूल ठेवून घेतल्याचं कधी कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गाडीत मावशी म्हणाल्या, मुखवटे नसले तरी अडत नाही, सुपारीवरसुद्धा देवी येते, फक्त ज्येष्ठेला तोंड असलं तर बरं. आणि वसुधाला नरेंद्रचं खोकं आठवलं.

तिचा नवरा नरेंद्र इंजिनिअर. त्याला स्वतःच्या घरातला डाळीचा डबा सापडायचा नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन राजाला तो नाकावरून ओळखायचा. पगारातले पैसे वाचवून तो रोमन चांदीची जुनी नाणी घ्यायचा. एकेक नाणं पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत, मधे पारदर्शक खिडकी, वर नंबर, आणि सगळी चळत एका बुटांच्या खोक्यात. कुणाच्या बोटाचं तेल लागू नये म्हणून खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर असायचं. त्या आठवड्यात तो कंपनीच्या कामासाठी मिशिगनमधल्या ट्रॉयला गेला होता. वसुधानं त्याला फोन केला नाही. तो नको म्हणेल, हे तिला ठाऊक होतं.

रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं खोकं खाली काढलं. दाढीवाले राजे, बिनदाढीचे राजे, चार घोड्यांचे रथ, लांडगीला लुचणारी दोन पोरं. मग सतरा नंबरच्या चौकटीत ती सापडली. नाणं दहा सेंटच्या अमेरिकन डाइमएवढंच होतं. त्यावर एका बाईचा चेहरा, शांत, भरल्या गालांचा, आणि डोक्यावरून नीट घेतलेला पदर. वसुधानं चौकट उलटवली. मागच्या बाजूला मोर होता. पाऊल उचललेला, मान मागे वळवून कुणाची तरी वाट पाहत असलेला मोर.

मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी चौकट डोळ्यांशी धरून पाहिली आणि विचारलं, “पदर आहे ना डोक्यावर? आणि मोर? मग देवीच झाली की ती.”

वसुधानं चौकटीच्या पिना काढल्या आणि नाणं तळहातावर घेतलं. ते इतकं गार होतं, की तिनं ते चटकन ताटलीत ठेवलं.

शनिवारी दुपारी महालक्ष्मी घरात आली. नाणं तांदळाच्या वाटीत, त्याच्याशेजारी कनिष्ठा म्हणून सुपारी, दोघींवर हळदकुंकू. उत्तराला काय विचारायचं ते पढवून ठेवलं होतं. ती उंबऱ्याच्या आत परकर-पोलकं घालून उभी राहिली आणि अमेरिकन वळणाच्या मराठीत तिनं विचारलं, कोण आलं. महालक्ष्मी आली, वसुधा म्हणाली. कशाच्या पावलांनी आली. सोन्याच्या पावलांनी आली. मग वसुधानं तिला घरभर फिरवून दाखवलं. हे स्वयंपाकघर, हा धान्याचा डबा, ही आमची खोली, ही पोरीची. इथं राहा, सुखानं राहा. आज तिला हे शब्द आठवले की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी तिचे डोळे आनंदानं भरून आले होते.

पाटावर आसन मांडून झाल्यावर तिनं उत्तराला त्याच्यापुढे बसवलं. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि हॉस्पिटलातले ते आठ दिवस आठवून अगदी मनापासून म्हणाली, “ही तुझी. तुझ्या ओटीत घातली.”

समईची ज्योत वाकली. दारंखिडक्या बंद होत्या.

संध्याकाळी वास यायला लागला. आधी तिला वाटलं, शेजारी कुणीतरी पाचोळा जाळतंय. पण हा वास पानांचा नव्हता. धूप होता त्यात, लाकूड होतं, आणि खाली कुठेतरी तूप करपल्यासारखं काहीतरी होतं. तो दिवाणखान्यात होता, अंगणात नव्हता. मावशींनी दोनदा विचारलं, कढईखाली गॅस चालू आहे का.

उत्तरा पाटापुढून उठायला तयार नव्हती. एरवी दहा मिनिटं एका जागी न बसणारी पोर दीड तास मांडी घालून बसली होती. वसुधानं जेवायला हाक मारली, तर तिनं मान न वळवता सांगितलं, “वेट, आई. शी इज नॉट डन टॉकिंग.”

मुलं खेळतात तसं खेळत असेल, असं वसुधानं स्वतःला समजावलं. मग तिनं पोरीला उचललं आणि दचकली. उत्तराचे हात कोपरापर्यंत गार होते.

रविवारी पूजा, पुरणपोळी, सोळा भाज्या (त्यातल्या सहा बीन्सच, वेगवेगळ्या चिरलेल्या), आंबील, कढी. वसुधानं नैवेद्याचं पान वाढलं, हात जोडले आणि रीतीप्रमाणे दार ओढून घेतलं, देवी निवांत जेवावी म्हणून. पंधरा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा भरदुपारचं ऊन खोलीत आलेलं होतं. त्या उन्हात तिला दिसलं, की पानावर एक करडा, बारीक थर बसलाय. पुरणपोळीवर, भातावर, पाण्याच्या वाटीवर. तिनं बोट लावलं. राख होती. नाण्यावरचं कुंकूसुद्धा काळं पडलं होतं.

मावशींनी राख बोटांच्या चिमटीत चोळली. मग पदर कानामागे घट्ट ओढून घेतला. आणि तेवढ्यात वरून, छपराखालच्या ऍटिकमधून, आवाज आला. नागपूरच्या बाईला तो आवाज सांगावा लागत नाही. लांब, वर चढत जाणारा, मांजर रडावं तसा.

“वसू... इथं मोर असतात का गं?”

नाही, वसुधा म्हणाली. तिचे पाय जिन्यापाशी गेले खरे, पण वर जायची तिची हिंमत झाली नाही.

उत्तरा काहीच जेवली नाही. भूक नाही म्हणाली. वर गेल्यावर खायला मिळणार आहे, असंही म्हणाली. वसुधानं थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला, पाच मिनिटं धरला, पण पारा तळाच्या चौऱ्याण्णवच्या खुणेवरून वर सरकलाच नाही. डॉक्टरांच्या घरी फोन लावला. ते म्हणाले, मूल बोलतंय, चालतंय, तर थर्मामीटरच बिघडला असणार, पांघरूण घाला, उद्या सकाळी हॉस्पिटलला घेऊन या, पाहू.

चारच्या सुमारास नरेंद्रचा फोन आला. रविवारी दर कमी असतो म्हणून तो रविवारीच करायचा. वसुधानं सगळं सांगून टाकलं. नाण्याला हळदकुंकू लावलं हे ऐकून आधी तो कळवळला. मग हसायला लागला.

“अगं, ती देवी कुठली? राणी आहे ती. ती मेल्यावर नवऱ्यानं तिला देवी डिक्लेअर केलं. ते नाणं तेव्हाचं आहे. म्हणून तर डोक्यावर तसा पदर...”

“म्हणजे... मेलेल्या बाईचं?”

“हो. आणि तो मोर तिला चितेवरून वर घेऊन जातो, अशी त्यांची समजूत. एका नाण्यावर तो उडताना दाखवलाय, ती पाठीवर बसलीय. ते घ्यायचंय मला कधीतरी. महाग आहे पण.”

फोनची वायर वसुधाच्या बोटांभोवती गुंडाळली गेली होती. तिनं विचारलं, “एकटीच असते ती? मोरावर?”

“मग? मोरावर किती जणं बसणार?” नरेंद्र म्हणाला, आणि पोरीला गोड पापा सांगून त्यानं फोन ठेवला.

वसुधा भिंतीला टेकून खाली बसली. जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, तीच पोर तिनं स्वतःच्या हातानं एका मेलेल्या बाईच्या ओटीत घातली होती. घराच्या खोल्या दाखवल्या होत्या. इथं राहा म्हणाली होती. ती हमसून हमसून रडली. मावशीही रडल्या, आपल्या डोळ्यांना आणि आपल्या तोंडाला दोष देत. मग दोघींनी ठरवलं, की आलेल्या पाहुणीला मधेच हाकलणं नको. कोण जाणे रागावून काय करेल. उद्या मूळ नक्षत्रावर रीतसर निरोप द्यायचा, नारळ द्यायचा, पोर परत मागून घ्यायची. तोवर वसुधा उत्तराला कुशीत घेऊन दिवाणखान्यातच बसली, तीन पांघरुणं घालून.

पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला. सात वाजता ती उठली, आणि सवयीनं आधी पाटाकडे पाहिलं. वाटीत तांदूळ होते. सुपारी होती. नाणं नव्हतं.

उत्तरा उताणी झोपली होती. हात सरळ अंगालगत, पाय जुळवलेले. ओठ मिटलेले होते आणि त्यांच्या कडेला तोच करडा थर होता. वसुधानं हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या दिल्या. पोर श्वास घेत होती, पण दोन श्वासांच्या मधे इतका वेळ जात होता, की प्रत्येक वेळी वसुधाला वाटे, आता नाही. मग कसं कोण जाणे, तिला कळलं. तिनं पोरीची हनुवटी खाली ओढली आणि जिभेखाली बोट घातलं.

नाणं तिथे होतं. पदराची बाजू वर.

मावशी दारात उभ्या होत्या. “असं तर आपण...” त्या म्हणाल्या. आपण कुणाच्या तोंडात सोन्याचा मणी आणि तुळशीपान ठेवतो, हे वसुधाला सांगायची गरज नव्हती.

तिनं नाणं सुपारीच्या वाटीत टाकलं, पोरीला पांघरुणासकट उचलून गाडीत मागच्या सीटवर निजवलं. मावशी नारळ, दहीभात आणि ती वाटी घेऊन शेजारी बसल्या. हॉस्पिटल शेजारच्या वूस्टर गावात. वाटेत तळं लागतं, क्विन्सिगामंड नावाचं, लांबच लांब. पुलाच्या अलीकडे वसुधानं गाडी वळवून काठाला लावली. आधी हॉस्पिटल की आधी तळं, हा विचार तिच्या मनात आला होता. पण हॉस्पिटलात काय सांगणार होती ती?

सकाळचे आठ वाजले होते. पाण्यावर धुकं होतं, पलीकडे पुलावरून ऑफिसला जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. वसुधा चपला काढून, वाटी आणि नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. मावशी काठावरून निरोपाचा मंत्र म्हणू लागल्या आणि शेवटच्या चरणावर अडकल्या. त्या चरणात देवीला पुन्हा ये म्हणून सांगायचं असतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी तोंडावर हात ठेवला. तो चरण म्हटलाच नाही.

“माझी लेक मला परत दे,” वसुधा म्हणाली, आणि नारळ पाण्यात सोडला.

नारळ दोन हात पुढे गेला, थांबला, आणि परत तिच्या पायाशी आला. वारा नव्हता. तिनं पुन्हा लोटला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तिनं सगळा जोर लावून दूर फेकला. तो धुक्यात दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळानं हळूहळू, सरळ रेषेत, परत आला. त्या वासानं आता तळ्याचा काठ भरून गेला होता. गाडीत मागच्या सीटवर काहीच हलत नव्हतं.

वसुधा रडत नव्हती आता. सौदा करायच्या वेळी बाई रडत नाही. तिनं वाटी छातीशी धरली आणि हळू आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं, त्या पदराच्या बाईला सांगितलं, “ती एवढीशी आहे गं. तिला तुझा काय उपयोग, आणि तुला तिचा? तुला सोबतच हवीय ना? मी येते. पण तिला जरा मोठी होऊ दे... तेवढं थांब.”

नारळ तिच्या पायाला लागून होता. तो हलला. मग तो निघाला, आपला आपण, आतल्या पाण्याकडे, आणि धुक्यात गेला. यावेळी परतला नाही. वसुधानं वाटीतले तांदूळ, सुपारी, नाणं, सगळं मूठ भरून पाण्यात सोडलं. नाणं बुडताना एकदा उलटलं, आणि मोराची बाजू तिच्याकडे करून खाली गेलं.

“आई, व्हाय आर वी ॲट द लेक? मला भूक लागली,” गाडीची खिडकी खाली करून उत्तरा म्हणाली.

हॉस्पिटलात साडेअठ्ठ्याण्णव ताप भरला, म्हणजे ताप नव्हताच. डॉक्टर हसले आणि नवा थर्मामीटर घ्या म्हणाले. घरी आल्यावर पोरीनं उरलेल्या चार पुरणपोळ्या खाल्ल्या. वास गेला होता. नरेंद्र परत आला आणि दोनशे डॉलरचं नाणं तळ्यात गेल्याचं ऐकून दोन दिवस बोलला नाही, मग तिसऱ्या दिवशी चहा मागायला तोंड उघडावंच लागलं. मावशी डिसेंबरात परत गेल्या. तळ्याकाठी काय कबूल केलं, हे वसुधानं कुणालाही सांगितलं नाही. पोर हसतखेळत शाळेत जात होती. ती रोज तिच्याकडे बघायची आणि एवढं पुरेसं आहे असं स्वतःला सांगायची.

मार्चमध्ये ती उत्तराला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेली. दोघींची तपासणी एकदमच होती. वसुधाची अक्कलदाढ दुखत होती, म्हणून त्यांनी जबड्याचा एक्स-रे काढला. नर्सनं फिल्म दिव्यासमोर धरली आणि विचारलं, तोंडात काही ठेवलंय का, गोळी वगैरे. वसुधानं तोंड उघडून दाखवलं. काही नव्हतं. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं, जीभ उचलून पाहिलं, छोटा आरसा लावून पाहिला. काही नव्हतं. मशीनची चूक असेल म्हणून त्यांनी दहा मिनिटांनी दुसरा एक्स-रे काढला.

दोन्ही फिल्म शेजारीशेजारी लावल्या. दोन्हींवर एक वाटोळा, पांढरा शुभ्र ठिपका होता. डाइमएवढा. पहिल्या फिल्ममध्ये तो जिभेखाली होता. दुसरीत तो जरासा मागे सरकला होता, घशाकडे.

डॉक्टर डोकं खाजवत म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. वसुधानं दोन्ही फिल्म मागून घेतल्या आणि बाहेर आली. उत्तरा खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिनं विचारलं, “आई, डिड इट हर्ट?”

वसुधा नाही म्हणाली. तिनं पोरीचा कोट नीट केला, दोरीच्या फासात बटण अडकवू लागली, आणि मधेच थांबली.

“हे तूच लाव बघू,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून केससुद्धा तुझे तूच विंचरायचे. मी शेजारी उभी राहीन. पण शिकून घे, बाळा... लवकर शिकून घे.”